रेशमी टोपी आणि पायरीखालचं वंदन : कन्फ्यूशियस आणि तंत्रज्ञानाची नीती



मी निवडलेला विषय काहींना आडवळणाचा वाटेल. तंत्रज्ञानाच्या नीतीबद्दल बोलायचं आणि त्यासाठी इ.स.पू. 551 ते 479 या काळात चीनमधल्या लू नावाच्या लहानशा राज्यात होऊन गेलेल्या एका शिक्षकाकडे जायचं, हे कशासाठी?

आज यंत्रांविषयी नैतिक प्रश्न विचारायचे म्हटले की काही ठरलेले प्रश्न पुढे येतात. फायदा किती, धोका किती, कोणाच्या हक्कावर गदा आली, माहिती घेताना परवानगी घेतली होती का? हे प्रश्न मोलाचे आहेत. ते विचारण्याचा अधिकार मिळवण्यासाठी माणसं झगडली आहेत. तरी त्यांच्या जाळीतून एक प्रश्न निसटतो. एखादं यंत्र रोज वापरता वापरता मी कशी व्यक्ती होत जाते? माझ्या माणसांशी असलेलं माझं नातं त्यातून कसं घडतं, कसं बिघडतं? कन्फ्यूशियसची शिकवण याच प्रश्नाभोवती फिरते. माणूस एकटा घडत नाही, तो नात्यांत घडतो. आणि नाती मोठ्या घोषणांनी टिकत नाहीत, रोजच्या लहान कृतींनी टिकतात, असं तो मानत होता. आणि यंत्रं बदलतात त्या नेमक्या याच लहान कृती.

गेल्या काही वर्षांत हा धागा जगभरच्या अभ्यासकांनी उचलला आहे. पाक-हांग वोंग यांनी 2012 मध्ये कन्फ्यूशियन परंपरेतून तंत्रज्ञानाची नीती कशी उभी करता येईल, याची मांडणी केली. शॅनन वॅलर यांनी 2016 च्या आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल, बुद्ध आणि कन्फ्यूशियस या तिन्ही परंपरांना एकत्र आणून नव्या यंत्रयुगात कोणते सद्गुण लागतील, हे शोधलं. त्याच वर्षी युक हुइ यांनी चीनमधल्या तंत्रविचारावर पुस्तक लिहून विचारलं, की सगळ्या जगाचं तंत्रज्ञान एकाच विश्वदृष्टीतून का यावं?

या प्रश्नाला चीनमध्ये मोठा इतिहास आहे. युरोपीय तोफांपुढे आणि नंतर जपानपुढे हार खाल्ल्यावर झांग झिदोंग या बड्या अधिकाऱ्यानं 1898 मध्ये एक तोडगा सुचवला : मूळ गाभा चिनी विद्येचा ठेवावा, उपयोगापुरती पाश्चात्त्य विद्या घ्यावी. यंत्र त्यांचं, मूल्यं आमची. आपल्याकडेही हा तोडगा अनेकदा ऐकू येतो. यान फू या विचारवंतानं थोड्याच वर्षांत त्यातली गफलत दाखवून दिली. गाभा आणि उपयोग असे वेगळे काढता येत नाहीत; ज्या वस्तूचा जो उपयोग, तो तिच्या गाभ्यातूनच येतो. मला यान फूचं म्हणणं पटतं. यंत्र घरात आलं की घराची रीत बदलते. मूल्यांना दिवाणखान्यात बसवून यंत्राला परसदारी ठेवता येत नाही. म्हणून मूल्यांची चर्चा यंत्राच्या आत शिरूनच करावी लागते.

टोपी आणि वंदन

या चर्चेसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो कन्फ्यूशियसच्या संवादांमधला, म्हणजे ‘लुन्यू’मधला एक छोटा प्रसंग. विधीच्या वेळी तागाच्या बारीक सुताची टोपी घालावी, असा जुना नियम होता. ती विणायला फार कष्ट पडत. लोक रेशमी टोपी घालू लागले, कारण ती स्वस्त पडत होती. कन्फ्यूशियस म्हणाला, काटकसर होते आहे, मीही सगळ्यांबरोबर रेशमी टोपी घालीन. दुसरा नियम असा होता, की राजाला वंदन करायचं ते सभागृहाच्या पायऱ्या चढण्याआधी, खाली उभं राहून. लोक आता वर जाऊन वंदन करू लागले होते. इथे मात्र त्यानं नकार दिला. हा उद्धटपणा आहे, सगळं जग वर जाऊन वंदन करत असलं तरी मी खालूनच करीन, असं त्याचं म्हणणं होतं.

दोन्ही ठिकाणी परंपरा मोडलेली आहे आणि दोन्ही ठिकाणी थोडी सोय झालेली आहे. तरी त्याचा निवाडा वेगळा आहे. टोपी बदलली तेव्हा कष्ट कमी झाले, विधीमागचा भाव तसाच राहिला. वंदनाची जागा बदलली तेव्हा समोरच्याविषयीचा आदर कमी झाला. म्हणजे ‘जुनं ते सोनं’ असं कन्फ्यूशियस म्हणत नाही, आणि नवं आलं म्हणून माना डोलावत नाही. तो पाहतो, की या बदलात वाचलं काय? कष्ट वाचले असतील तर स्वागत. आदर वाचवला गेला असेल, म्हणजे द्यायचा तो दिला गेला नसेल, तर विरोध. मोबाइलपासून शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्रापर्यंत कुठल्याही नव्या साधनाला ही कसोटी लावता येते. आज मला एवढंच सांगायचं आहे : यंत्रानं आपले कष्ट वाचवावेत, आपलं वंदन वाचवू नये.

या कसोटीचं वेगळेपण शेजारच्या परंपरेजवळ ठेवलं की अधिक उठून दिसतं. ताओ परंपरेतल्या ‘च्वांगझी’ या ग्रंथात कन्फ्यूशियसचा शिष्य झिगोंग याची एक गोष्ट आहे. प्रवासात त्याला एक म्हातारा माळी भेटतो. तो विहिरीत उतरून घड्यानं पाणी आणतो आणि भाजीचे वाफे भिजवतो. झिगोंग त्याला सांगतो, की एका टोकाला वजन असलेल्या लांब लाकडानं पाणी उपसायची युक्ती आहे, तिनं दिवसात शंभर वाफे भिजतात. माळी म्हणतो, मला ती माहीत आहे, पण वापरायची लाज वाटते. यंत्राच्या सवयीनं मनही यंत्राचं होतं. भौतिकशास्त्रज्ञ व्हर्नर हायझेनबर्ग यांनाही ही गोष्ट इतकी महत्त्वाची वाटली, की आधुनिक विज्ञानावर लिहिताना त्यांनी ती सांगितली.

माळ्याची भीती खरी आहे. त्याचा उपाय मात्र कन्फ्यूशियसच्या परंपरेला मानवणारा नाही. गोष्ट ताओ ग्रंथातली असूनही तिच्यातला कन्फ्यूशियस म्हणतो, की या माणसाला एकच बाजू कळली आहे, दुसरी कळलेली नाही. विहिरीत उतरणाऱ्या माणसाचे गुडघे दुखतात, त्याचे कष्ट हलके व्हायलाच हवेत. पाणी उपसायचं लाकूड ही रेशमी टोपी आहे. मन यंत्राचं होऊ नये म्हणून यंत्र टाकण्याची गरज नाही, पण मन घडवणाऱ्या इतर कृती मात्र जपाव्या लागतात.

सेवेचा चेहरा

ही कसोटी खरी तावून निघते ती म्हाताऱ्या आईवडिलांच्या सेवेत. 2020 च्या जनगणनेत चीनमध्ये साठी ओलांडलेली माणसं 26 कोटींहून अधिक होती, एकूण लोकसंख्येच्या 18.7 टक्के. कित्येक वर्षं एका जोडप्याला एकच मूल, हे सरकारी धोरण होतं. त्यामुळे आज एकेका तरुण दांपत्यावर चौघा म्हाताऱ्यांची जबाबदारी येते, आणि नोकऱ्या असतात दूरच्या शहरात. जपान आणि दक्षिण कोरियातही हेच चित्र आहे. यावर यंत्रांचा उतारा शोधला जातो. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी घडवलेला ‘पारो’ हा सीलच्या पिल्लासारखा यंत्रप्राणी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर बसतो आणि कुरवाळलं की प्रतिसाद देतो. दक्षिण कोरियात ‘ह्योडोल’ नावाची, लहान नातवंडासारखी दिसणारी बाहुली स्थानिक शासनानं एकट्या राहणाऱ्या हजारो वृद्धांना दिली आहे. ती औषधाची वेळ सांगते, गप्पा मारते, आणि घरात बराच वेळ हालचाल जाणवली नाही तर संबंधितांना कळवते.

कन्फ्यूशियसनं पितृभक्तीविषयी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे जवळजवळ ठेवून पाहाव्यात. पहिली अशी, की आईवडिलांना अन्न पुरवलं म्हणजे भक्ती झाली, असं समजू नये. पोसतो तर आपण जनावरांनाही, फरक पडतो तो आदरानं. दुसरी गोष्ट पहिलीहून सूक्ष्म आहे. कामाचा भार तरुणांनी उचलला, चांगलंचुंगलं आधी मोठ्यांना वाढलं, एवढ्यानंही भागत नाही. कठीण असतो तो सेवा करतानाचा चेहरा.

या दुसऱ्या वाक्याशी मी पुष्कळ दिवस थांबले आहे. यंत्राचा चेहरा सदैव प्रसन्न असतो. बाहुली कधी चिडत नाही, तोच प्रश्न विसाव्यांदा विचारला तरी तिचा आवाज चढत नाही. माणसाचा चढतो. मग यंत्र अधिक चांगला मुलगा झालं का? कन्फ्यूशियसच्या नजरेनं पाहिलं तर नाही, कारण प्रसन्न चेहऱ्याला जे मोल आहे ते तो राखायला पडणाऱ्या सायासातून येतं. दिवसभराच्या थकव्यानंतर, मनातला वैताग आवरून, आईच्या विसाव्या प्रश्नाला पहिल्यासारखं उत्तर देणारी मुलगी त्या क्षणी आईला काही देते, आणि स्वतःही थोडी मोठी होते. शॅनन वॅलर यांनी काळजीवाहू यंत्रांवर लिहिताना हाच मुद्दा मांडला : सेवा करणाऱ्यालाही सेवा घडवत असते. ती सगळी यंत्राकडे सोपवली तर आपण धीर, ममता, दुसऱ्याचं दुःख ओळखणं हे सगळं शिकायची शाळाच बंद करू. वोंग यांनीही पुढे हा नैतिक कौशल्यं गंजण्याचा धोका विधींच्या संदर्भात तपासला आहे.

मग ह्योडोल घ्यावी की नाही? रेशमी टोपीचा नियम लावून पाहू. औषधाची आठवण, पडल्याची सूचना, रुग्णाला उचलणारं यंत्र, या सगळ्या टोप्या आहेत. आपल्या पुण्या-मुंबईत ब्युरोतून येणाऱ्या मावशी दिवसातून कितीदा तरी रुग्णाला उचलतात आणि स्वतःच्या पाठीचं दुखणं घेऊन घरी जातात. त्यांची पाठ वाचवणारं यंत्र परवडणाऱ्या किमतीत घरोघर यायला हवं, त्यात वंदनाचा प्रश्नच नाही. बाहुली मध्यरात्री सूचना पाठवते आणि ती पाहून मुलगा धावत येतो, तेव्हा बाहुलीनं नात्याची सेवा केली. पण बाहुली बोलते आहे ना, मग आज फोन नाही केला तरी चालेल, असं मुलाला वाटू लागलं, की वंदनाची जागा बदलली. यंत्र दोन्ही घरांत तेच आहे. त्याच्या येण्यानंतर माणसाचं येणं वाढलं की घटलं, यावर निवाडा ठरतो.

कायद्यानं हे येणं आणता येईल का? चीननं प्रयत्न केला. 1 जुलै 2013 पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानं वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं, असं बंधन घातलं. त्याच सुमारास वूशी शहरातल्या न्यायालयानं एका मुलीला निदान दोन महिन्यांतून एकदा आईला भेटायचा आदेश दिला. आणि लवकरच ताओबाओ या खरेदीच्या संकेतस्थळावर पैसे घेऊन दुसऱ्याच्या आईवडिलांना भेटून येणाऱ्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. भेट झाल्याची नोंद झाली, वंदन मात्र बाजारातून विकत आलं. कन्फ्यूशियसनं हे आधीच ओळखलं होतं. नुसत्या कायद्याच्या धाकानं लोकांना हाकलं तर ते पळवाटा काढतात आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही, अशी त्याची धारणा होती. आपल्याकडच्या 2007 च्या कायद्यानं आईवडिलांच्या निर्वाहाचा हक्क दिला, ते आवश्यकच होतं. पण निर्वाह संपतो तिथून पुढचा रस्ता कायद्याला दिसत नाही.

सेवेचा हा प्रश्न मृत्यूनंतरही संपत नाही. अलीकडे चीनमध्ये गेलेल्या माणसाची छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं वापरून त्याचं बोलतं रूप बनवून देणारे व्यवसाय उभे राहिले आहेत. ‘सेन्सटाइम’ या कंपनीचे संस्थापक तांग श्याओ-ओ 2023 च्या डिसेंबरमध्ये वारले आणि 2024 मध्ये कंपनीच्या वार्षिक समारंभात त्यांचं संगणकीय रूप बोलताना दाखवलं गेलं. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला नंतरचा विचारवंत मेन्शियस याच्या ग्रंथात असा उल्लेख आहे, की थडग्यात पुरण्यासाठी माणसासारख्या बाहुल्या ज्यानं प्रथम केल्या त्याच्याविषयी कन्फ्यूशियसला तीव्र संताप होता. माणसाचं रूप असलेली वस्तू वापरून टाकायची सवय लागली की खऱ्या माणसालाही तसं वागवायचा रस्ता उघडतो. शिवाय शोक हे कन्फ्यूशियन परंपरेत एक काम मानलं आहे. गेलेल्या माणसाशिवाय जगायला शिकणं, त्याचं ऋण ओळखणं, आणि मग कामाला लागणं. दुःखात बुडालेल्या आईला मुलाचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटला तर तिला दोष द्यावा, असं मी म्हणणार नाही. दोष द्यायचा तर महिन्याच्या वर्गणीवर हा शोक कधीच संपू न देणाऱ्या व्यवहाराला द्यावा.

दिसणं आणि न दिसणं

घराबाहेर पडलो की प्रश्न बदलतो. घरात माणूस समोर असतो. बाजारात यंत्र त्याला नजरेआड करतं. यावर मेन्शियसनं सांगितलेली गोष्ट फार मोलाची आहे. छी राज्याचा राजा श्वान सभागृहात बसलेला असताना एक बैल बळी देण्यासाठी नेला जात होता. भीतीनं थरथरणारा तो बैल पाहून राजाला दया आली. त्यानं तो सोडायला लावला आणि त्याच्या जागी मेंढा द्यायला सांगितलं. राजानं कंजूषपणा केला, असं लोक म्हणाले. मेन्शियसनं राजाला समजावलं, की तू बैल पाहिलास, मेंढा पाहिला नाहीस, एवढंच घडलं आहे. तुझ्यात दया आहे हे त्यातून सिद्ध झालं. आता ती न दिसणाऱ्या प्रजेपर्यंत पोहोचव.

आजचा असा न दिसणारा मेंढा पाहा. 2020 च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या ‘रन्वू’ या मासिकानं खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या दुचाकीस्वारांवर एक दीर्घ लेख छापला. संगणकीय प्रणाली या कामगारांचा वेळ कसा आवळत नेते, हे त्यात तपशिलानं आलं होतं. 3 किलोमीटरच्या अंतराला 2016 मध्ये 1 तास मिळे, 2017 मध्ये 45 मिनिटं, तर 2018 मध्ये 38 मिनिटं. एखाद्यानं सिग्नल मोडून वेळ वाचवला, की प्रणाली शिकते की एवढ्या वेळात हे काम होतं, आणि पुढच्याला तेवढाच वेळ देते. मैतुआन आणि एलमा या दोन मोठ्या कंपन्यांवर देशभर टीका झाली. एलमानं लगोलग जाहीर केलं, की आम्ही ग्राहकासाठी एक नवं बटण आणतो, आणखी 5 मिनिटं थांबायची तयारी दाखवण्याचं. लोक त्यावरही संतापले, आणि त्यांचा संताप योग्य होता. वेळ कोणी आवळला होता? प्रणालीनं. दया कोणी दाखवायची? ग्राहकानं. ज्याच्या हाती सत्ता होती त्यानं आपलं वंदन ग्राहकाच्या अंगठ्यावर ढकललं.

प्रणालीचा अभियंता दुष्ट असतो का? मेन्शियसनं याचंही उत्तर देऊन ठेवलं आहे. बाण करणारा हा चिलखत करणाऱ्याहून निर्दय असतो असं नाही. पण बाण करणाऱ्याला रोज चिंता असते की माणूस जखमी होईल की नाही, आणि चिलखत करणाऱ्याला चिंता असते की माणूस जखमी तर होणार नाही ना. म्हणून कसब निवडताना जपावं. मला वाटतं, अभियांत्रिकीच्या नीतीवर याहून नेमका विचार मी वाचलेला नाही. माणूस वाईट असतो म्हणून वाईट यंत्र करतो, ही आपली समजूत अपुरी आहे. त्याला रोज कोणत्या गोष्टीची चिंता करायला लावली आहे, त्यावर तो घडतो. ज्याचा पगार आणि बढती एका मिनिटाच्या कपातीवर ठरते, त्याच्या मनात हळूहळू त्या मिनिटाचीच काळजी उरते, आणि दुचाकीवरचा माणूस पडद्यावरचा ठिपका होतो. चीन सरकारनं मार्च 2022 पासून अशा प्रणालींसाठी नियम लागू केले, त्यांत कामगारांचा आणि वृद्धांचाही उल्लेख आहे. नियम हवेतच. पण बाण करणाऱ्याची चिंता बदलायची तर त्याला बैलाप्रमाणे मेंढाही दाखवावा लागेल.

पाण्यात पाणी

इथे एक सावधगिरी हवी. कन्फ्यूशियसचं नाव घेऊन चीनमध्ये यंत्रांचा जो वापर होतो, तो सगळा त्याच्या विचारातून आलेला आहे, असं मानणं चूक ठरेल. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या चिनी सरकारी तत्त्वांमध्ये 2019 पासून सुसंवादाला मानाचं स्थान आहे. शब्द कन्फ्यूशियन आहे; पण त्याच देशात सरकारला न रुचणारा मजकूर पुसला जातो, तेव्हाही सुसंवादाचंच कारण दिलं जातं.

सुसंवाद कशाला म्हणावं, यावरचा जुना संवाद ‘झुओझुआन’ या इतिहासग्रंथात इ.स.पू. 522 च्या नोंदीत आहे. छी राज्याच्या अधिपतीला आपल्या एका होयबा दरबाऱ्याचं कौतुक होतं. याच्याशीच माझा सूर जुळतो, असं तो म्हणाला. मंत्री यान यिंगनं सांगितलं, की हा सूर जुळणं नव्हे, हे नुसतं री ओढणं आहे. रस्सा करताना आंबट, खारट, तिखट वेगवेगळं लागतं. जे कमी ते वाढवायचं, जास्त ते उतरवायचं. पाण्यात पाणी ओतलं तर ते कोण चाखेल? अधिपती ज्याला हो म्हणतो त्यातलं खोटं दाखवणारा मंत्री हवा, तरच राज्य चवीचं होतं. कन्फ्यूशियसनंही सज्जनाची खूण हीच सांगितली : तो सूर जुळवतो, पण सगळ्यांसारखा होत नाही.

या दाखल्यानं आजची दोन साधनं मोजता येतात. आपल्या आवडीचंच पुन्हापुन्हा वाढणारी समाजमाध्यमांची प्रणाली म्हणजे पाण्यात पाणी. आणि वागणुकीला गुण देणारी शासकीय व्यवस्था दुसरी. चीनच्या सामाजिक पत योजनेविषयी परदेशात बरीच अतिशयोक्ती झाली. साऱ्या देशाला एकच गुणांक देणारी व्यवस्था उभी राहिली नाही. पण 2014 च्या आराखड्यानंतर काही शहरांत प्रयोग झाले. कन्फ्यूशियसच्याच शांतुंग प्रांतातल्या रोंगचेंग शहरात प्रत्येक प्रौढाला सुरुवातीला 1000 गुण दिले गेले. वाहतुकीचा नियम मोडला तर वजाबाकी, सत्कृत्याला बेरीज. पारंपरिक सदाचाराचं पुनरुज्जीवन म्हणून हे मांडलं गेलं. कन्फ्यूशियसच्या शिकवणीत सदाचाराचा जन्म लाजेतून आणि प्रीतीतून होतो. गुणांच्या भीतीनं म्हाताऱ्या शेजाऱ्याला मदत करणारा माणूस शेजाऱ्याकडे पाहत नाही, तक्त्याकडे पाहतो.

वाकायचं कोणी?

आता सगळ्यात गंभीर आक्षेपाकडे येते. वंदन जपा, असं मी म्हणते आहे. पण कोणी कोणाला वाकायचं? ज्या भूमीत जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर होऊन गेले, ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तिथे हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. चीनमध्येही तो विचारला गेला. लू शुन यांनी 1918 मध्ये ‘वेड्याची डायरी’ ही कथा लिहून सदाचाराच्या पोथ्यांआड माणसं खाल्ली जातात, असा आरोप केला. 1919 च्या चळवळीत तरुण रस्त्यावर आले, आणि त्या काळात कन्फ्यूशियसवर जबर हल्ला झाला. तो हल्ला निष्कारण नव्हता. शतकानुशतकं त्या परंपरेनं स्त्रीला आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या आज्ञेत ठेवलं. आईवडिलांच्या सेवेचं पुण्य मुलाच्या खात्यात जमा झालं आणि प्रत्यक्ष अंथरूण बदललं सुनेनं.

म्हणून कन्फ्यूशियसला जसाच्या तसा उचलून आणायला माझा विरोध आहे. तो ज्या पायरीखाली उभा राहिला, तिच्यावर राजा बसलेला होता. पण त्याच परंपरेत मेन्शियस आहे. त्यानं प्रजेला सर्वांत वर आणि राजाला सर्वांत खाली ठेवलं. जुलमी राजाला दूर करणं हा अपराध नव्हे, असं सांगितलं. त्याच परंपरेतला विचारवंत शुन्झी यानं बाप आणि न्याय यांच्यात न्याय निवडायला सांगितलं. कन्फ्यूशियसनं स्वतः विद्या देताना कूळ पाहिलं नाही. या धाग्यांना धरून वंदनाची दिशा बदलता येते, आणि ती बदललीच पाहिजे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानं, जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्यापुढे वाकायचं. कंपनीनं दुचाकीस्वारापुढे, अभियंत्यानं वापरणाऱ्यापुढे, निरोगी माणसानं अंथरुणावरच्या माणसापुढे. आणि सुनेइतकंच मुलानं. हक्कांची भाषा आणि कन्फ्यूशियसची भाषा इथे एकमेकींना पूरक होतात. हक्क सांगतो, की माझ्यावर अन्याय करू नकोस. कन्फ्यूशियस सांगतो, की अन्याय न करण्याची सवय रोज लावून घे.

यातून करायचं काय? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवलं जातं तिथे मेन्शियसचा बाणकार जरूर शिकवावा. पण त्याहून महत्त्वाचं, विद्यार्थ्यानं ज्यांच्यासाठी यंत्र करायचं त्यांच्यात जाऊन राहावं. वृद्धांसाठी उपकरण करणाऱ्यानं वृद्धाश्रमात रात्रपाळी करावी, वितरणाची प्रणाली लिहिणाऱ्यानं पावसात पिशवी पाठीवर घेऊन फिरावं. दया शिकवता येत नाही. पण जे नजरेआड आहे ते नजरेसमोर आणता येतं. रुग्णालयानं, महापालिकेनं एखादं यंत्र घेताना विचारावं, की यात कष्ट कोणाचे वाचणार आहेत आणि भेट कोणाची कमी होणार आहे. दोन्हींची उत्तरं निविदेच्या कागदावर यावीत.

आणि घरात? सगळी कामं हातानं करायची, असं व्रत मी सुचवत नाही. त्यात पुन्हा बायकांचीच पाठ मोडेल. कपडे यंत्र धुवो, औषधाची वेळ यंत्र सांगो, घरातली नोंद यंत्र ठेवो. रेशमी टोपी आनंदानं घालावी. पण प्रत्येक यंत्र आपला काही वेळ वाचवतं, आणि त्या वेळावर आधी कोणाचा तरी हक्क होता. धुण्याच्या वेळात आईजवळ बसायचं राहून जायचं. आता तो अर्धा तास मोकळा झाला आहे. तो दुसऱ्या पडद्याला देऊन टाकला तर टोपीबरोबर वंदनही गेलं. ज्या माणसाच्या सेवेतून तो वेळ वाचला, त्याच माणसाला तो परत द्यायचा, ही सवय घरातल्या प्रत्येकानं, पुरुषांनी तर आधी, लावून घेतली पाहिजे. तंत्रज्ञानाची नीती कायद्याच्या कलमांत लिहिली जाईल, कंपन्यांच्या धोरणांत लिहिली जाईल. ती जगली जाते की नाही हे मात्र या अर्ध्या तासाचं आपण काय करतो, त्यावर ठरेल.